अकरा आणि आठ

२०२४ च्या ऑगस्टमधला बुधवार होता. डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनाची तिसरी रात्र. शिकागोच्या पश्चिमेला, युनायटेड सेंटरपासून तीसेक मैलांवरच्या उपनगरात, ओळखीच्या एका घरी बेसमेंटमध्ये आम्ही बरीच मराठी मंडळी टीव्हीसमोर जमलो होतो. मसालेभाताचं मोठं पातेलं टेबलावर, शेजारी काकडीची कोशिंबीर, ओव्याचा वास येणारा मठ्ठा, आणि कुणीतरी डेव्हन अव्हेन्यूवरून आणलेली खारी. वहिनींनी पडदे ओढून घेतले होते, त्यामुळे खोलीत फक्त पडद्याचा निळा-लाल उजेड होता. मिशिगनहून माझी भाची आली होती. अ‍ॅन आर्बरला शिकते. फेब्रुवारीतल्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायच्या मतदानात, तिनं आयुष्यातलं पहिलं मत दिलं होतं, आणि ते कुठल्याही उमेदवाराला न देता ‘अनकमिटेड’च्या रकान्यात दिलं होतं. गाझातल्या युद्धाबद्दलची नाराजी पक्षाला कळावी म्हणून मिशिगनमध्ये एक लाखाहून जास्त लोकांनी तसं मत दिलं होतं. इतर राज्यांतही पडलेल्या तशा मतांतून निवडून आलेले देशभरचे तीसएक प्रतिनिधी शिकागोत आले होते. त्यांची मागणी एवढीच उरली होती की, एका पॅलेस्टिनी-अमेरिकन माणसाला व्यासपीठावरून काही मिनिटं बोलू द्या. त्या संध्याकाळी नकार आला आणि ते सभागृहाच्या बाहेर जमिनीवर बसून राहिले. भाचीच्या फोनवर ते दिसत होतं. तिनं विचारलं, “हे दोन मिनिटं मोठ्या टीव्हीवर लावूया का?” खोलीतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या काकांनी तिच्याकडे वळून, अगदी मायेनं म्हटलं, “आज नको, बाळा.”

आज नको.

ते रागानं म्हणाले असते तर मी विसरूनही गेले असते. त्यांचा सूर समजुतीचा होता, म्हणूनच तो मला पुढं कितीतरी दिवस छळत राहिला. मी म्हटलं, “लावू दे की काका, दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे,” आणि मग खोलीत जो वाद सुरू झाला तो उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार टिम वॉल्झ यांचं भाषण संपून गेलं तरी संपला नाही. एकजण म्हणाले, निवडणुकीला अडीच महिने राहिलेत, बायडन यांनी माघार घेऊन महिना झालाय, इतक्या कष्टानं पक्ष एका नावामागं उभा राहिलाय, त्यात आता भेग कशाला दाखवायची? समोर ट्रम्प आहेत हे विसरून चालेल का? दुसरी मैत्रीण म्हणाली की, हमासनं ओलीस ठेवलेल्या तरुणाच्या आईवडिलांना बोलू दिलं ते फार बरं केलं. ते खरंच होतं. जॉन पोलिन आणि रेचेल गोल्डबर्ग व्यासपीठावर आले तेव्हा सभागृह उठून उभं राहिलं होतं. आमच्या बेसमेंटमधली वाटी-चमचेही थांबले होते. त्या बापानं आपल्या मुलाबद्दल बोलता बोलता दोन्ही बाजूंच्या वेदनेबद्दलही बोलून दाखवलं. दहाएक दिवसांनी त्यांच्या मुलाचा मृतदेह सापडला. त्या भाषणाच्या वेळी भाचीनंही डोळे पुसले होते. ती एवढंच म्हणत होती की, त्यांच्यानंतर आणखी एक कुटुंब बोललं असतं तर यांचं दुःख कमी झालं असतं का? तिच्या मराठीत इंग्रजी मिसळलेलं असतं, पण हे वाक्य तिनं पूर्ण मराठीत म्हटलं. समोरच्यांना ते पोचावं असं तिला वाटत असणार.

मला अधिवेशनांची ओढ आहे ती आजोबांमुळे. आमचं गाव खानदेशातलं, फैजपूरपासून चालत जाण्याच्या अंतरावर. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसनं पहिल्यांदाच खेड्यात अधिवेशन भरवलं, ते फैजपूरला. आजोबा तेव्हा मिसरूड फुटलेले स्वयंसेवक होते. नंदलाल बोस यांनी बांबू-चटयांनी उभं केलेलं नगर, नेहरूंची बैलांच्या रथातून निघालेली मिरवणूक, थंडीत पेटवलेल्या शेकोट्या, हे सगळं ते सांगायचे. पण त्यांचा आवाज चढायचा तो रात्रीच्या गोष्टी सांगताना. मंडपाबाहेर केळीच्या बागांतून आलेले शेतकरी शेतसाऱ्यावर, सावकाराच्या कर्जावर तावातावानं बोलायचे. आत तोच विषय ठरावात यायचा, आणि आतलं बाहेर, बाहेरचं आत असं चालू राहायचं. माणसं ऐकायला कमी आणि सांगायला जास्त आली होती, असं ते म्हणायचे. सुरतेच्या १९०७ च्या अधिवेशनात जोडा कसा उडाला हेही त्यांना कुणाकडून तरी ऐकून ठाऊक होतं. ते त्यांनी आम्हा नातवंडांना इतक्या रंगात येऊन सांगितलं होतं की, टिळक खुर्च्यांच्या गदारोळात हाताची घडी घालून उभे आहेत असं चित्र माझ्या डोळ्यांसमोर कायमचं बसलं. पक्ष म्हणजे जिथं आपली माणसं आपल्याच माणसांशी भांडतात ती जागा, हे मी तिथून शिकले.

त्यामुळे अमेरिकेत आल्यावर रोल कॉल ही गोष्ट मला पहिल्यापासून फार आवडत आली. एकेका राज्याचं नाव पुकारलं जातं, तिथला कुणी शिक्षक, कुणी युनियनवाला, कुणी आजीबाई उठून आपल्या राज्याचं कौतुक करतात, मक्याचं, मेपलच्या पाकाचं, आपल्या नदीचं, आणि मग मतं सांगतात. त्या उच्चारांत हा सबंध देश ऐकू येतो. २०२४ च्या अधिवेशनात मंगळवारी डीजे लावून, प्रत्येक राज्याला त्याचं गाणं देऊन तो रोल कॉल झाला. जॉर्जियाची पाळी आली तेव्हा लिल जॉन गात गात खाली उतरला आणि आमच्या मुलांनी बेसमेंटमध्ये नाच केला. मीही टाळ्या वाजवल्या. पण खरं मतदान दोन आठवडे आधीच, ऑनलाइन, उरकलं होतं. ओहायोच्या मतपत्रिकेवर नाव देण्याच्या मुदतीचं कारण त्यासाठी सांगितलं गेलं होतं. कमला हॅरिस यांची उमेदवारी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच पक्की झाली. मंगळवारी जे झालं तो सोहळा होता, आणि सोहळ्यालाही त्याची किंमत असते, हे मी मनापासून मानते. एका जमैकन बापाच्या आणि तमिळ आईच्या मुलीचं नाव सगळ्या राज्यांनी एकामागून एक उच्चारलं. गुरुवारी तिनं व्यासपीठावर आपल्या आईचं नाव घेतलं तेव्हा माझ्या घशात आवंढा आला. श्यामला गोपालन एकोणिसाव्या वर्षी कॅलिफोर्नियाला आल्या होत्या. आमच्यातल्या कितीजणींनी तसंच एकटीनं विमान पकडलंय.

तरीही मन त्या जुन्या, आडमुठ्या अधिवेशनांकडे जातं. १९२४ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये याच पक्षाला उमेदवार ठरवायला मतदानाच्या १०३ फेऱ्या लागल्या. २४ जूनला सुरू झालेलं अधिवेशन ९ जुलैला संपलं. एका बाजूला अल स्मिथ, कॅथलिक, न्यूयॉर्कच्या गल्लीबोळांतून वर आलेले. दुसऱ्या बाजूला मॅकअ‍ॅडू, ज्यांच्या पाठीशी गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी झटणाऱ्या कू क्लक्स क्लॅनचे लोक होते. क्लॅनचा नाव घेऊन निषेध करायचा की नाही यावर झालेलं मतदान अगदी निसटत्या फरकानं फसलं. जुलैच्या उकाड्यात, विजेच्या पंख्यांशिवाय आधार नसताना, प्रत्येक फेरीत पहिलं नाव अलाबामाचं यायचं आणि राज्यपाल तीच चोवीस मतं त्याच ऑस्कर अंडरवुडना देत राहायचे. अमेरिकेनं पहिल्यांदाच रेडिओवर ऐकलेल्या अधिवेशनांपैकी ते एक, त्यामुळे घरोघरची पोरं ते वाक्य पाठ म्हणायला लागली होती. शेवटी दोघंही थकले, जॉन डेव्हिस नावाचे तिसरेच गृहस्थ उमेदवार झाले आणि नोव्हेंबरात कूलिज यांच्याकडून सपशेल हरले. काका म्हणतात, बघ, भांडून काय मिळवलं? १९५२ नंतर तर राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायला कुठल्याच मोठ्या पक्षाला दुसरी फेरी लागलेली नाही.

काकांचं ‘आज नको’ कुठून आलं ते मला त्या रात्री, सगळे गेल्यावर, कळलं. ते सांगलीहून इंजिनिअर होऊन १९६७ साली शिकागोच्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकायला आले. १९६८ च्या ऑगस्टमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन त्यांच्या खोलीपासून फार दूर नसलेल्या इंटरनॅशनल अँफिथिएटरमध्ये भरलं होतं. शेजारीच कत्तलखान्यांचे गोठे. तो वास दक्षिणेच्या वाऱ्यावर खिडकीतून येऊन कपड्यांत बसायचा, आणि कोकणस्थ ब्राह्मण घरातून आलेल्या मुलाला जेवण जायचं नाही, असं ते सांगतात. टॅक्सीवाल्यांचा संप, बसवाल्यांचा संप, टेलिफोनच्या कामगारांचा संप. सभागृहाभोवती काटेरी तारा. महापौर रिचर्ड डेली यांनी रस्त्याकडेची पडकी घरं पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून लाकडी कुंपणं ठोकून घेतली होती. एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग गेले होते, जूनमध्ये रॉबर्ट केनेडी. जॉन्सन यांनी मार्चमध्येच आपण पुन्हा उभे राहणार नाही असं जाहीर केलं होतं. उपराष्ट्राध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढता उमेदवार होणार हे सगळ्यांना दिसत होतं. व्हिएतनाममधले बॉम्बहल्ले थांबवा म्हणणारा ठराव सभागृहात हरला, तेव्हा न्यूयॉर्कचे प्रतिनिधी काळ्या फिती लावून गाऊ लागले.

त्या बुधवारच्या रात्री मिशिगन अव्हेन्यूवर, हिल्टन हॉटेलच्या समोर, पोलिसांनी मुलांना झोडपून काढलं. काका तिथं नव्हते. विद्यार्थी व्हिसावर असलेल्या मुलानं तिकडं फिरकायचं नाही, असं त्यांच्या प्राध्यापकांनी बजावलं होतं. ते वसतिगृहाच्या दिवाणखान्यात, काळ्या-पांढऱ्या टीव्हीसमोर, अमेरिकन मुलांच्या मागं उभे होते. पडद्यावर आळीपाळीनं एकदा सभागृह, एकदा रस्ता. आत उमेदवारांची नावं सुचवणारी भाषणं, बाहेर अश्रुधूर. कनेटिकटचे सिनेटर अब्राहम रिबिकॉफ व्यासपीठावरून म्हणाले की, युद्धविरोधी मॅकगव्हर्न राष्ट्राध्यक्ष झाले तर शिकागोच्या रस्त्यांवर गेस्टापोचे डावपेच चालणार नाहीत. समोरच्या रांगेत बसलेले डेली उठून ओरडले. काय ओरडले ते माईकमध्ये आलं नाही, पण त्यांचा तो लाल झालेला चेहरा काळ्या-पांढऱ्या पडद्यावरही लालच दिसला, असं काका म्हणतात. नोव्हेंबरात निक्सन पाच लाखांच्या आसपास मतांनी, म्हणजे एका टक्क्याहूनही कमी फरकानं जिंकले. युद्ध आणखी काही वर्षं चाललं. वसतिगृहात त्यांच्या मजल्यावरचा एक मुलगा, त्यांना पहिल्यांदा पिझ्झा खायला घेऊन गेलेला, पुढच्या वर्षी गेला तो परत आला नाही. “त्या रात्री टीव्ही नसता ना,” काका मला म्हणाले, “तर कदाचित हम्फ्री आले असते, आणि कदाचित तो पोरगा वाचला असता. मी तेव्हापासून म्हणतो, घरातलं भांडण निवडणुकीच्या तोंडावर दारात आणू नये.” पन्नासहून जास्त वर्षं एका माणसानं हे मनात वागवलंय. मी त्यांच्याशी तेव्हा वाद घातला नाही. घालण्यासारखी ती वेळ नव्हती.

पण वाद माझ्या मनात होताच, आणि त्याचं उत्तर मला १९६८ च्या आधीच्या अधिवेशनात सापडतं. १९६४, अटलांटिक सिटी. मिसिसिपीमधल्या डेमोक्रॅटिक पक्षात काळ्या माणसांना पाऊल ठेवायला बंदी होती, म्हणून तिथल्या लोकांनी आपला वेगळा, सगळ्यांना खुला असलेला ‘फ्रीडम’ पक्ष काढला, आपले प्रतिनिधी निवडले, बस करून अटलांटिक सिटी गाठली आणि म्हणाले, मिसिसिपीच्या खुर्च्या आमच्या आहेत. कुणाला खुर्ची द्यायची हे ठरवणाऱ्या समितीपुढं २२ ऑगस्टला फॅनी लू हेमर बोलल्या. रूलव्हिलच्या मळ्यावर कापूस वेचणाऱ्या बाई. मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्या म्हणून त्यांना मळा सोडावा लागला, आणि पुढच्या वर्षी विनोनाच्या तुरुंगात त्यांना अमानुष मारहाण झाली. कुठलाही कागद हातात न धरता त्या ते सगळं सांगत होत्या. चॅनेलांवर ते थेट दिसत होतं. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी घाईघाईनं पत्रकारांसमोर येऊन कॅमेरे आपल्याकडे वळवले. पण रात्रीच्या बातम्यांत चॅनेलांनी हेमर यांची साक्ष पुन्हा दाखवली, आणि तेव्हा तर दुपारपेक्षा कितीतरी जास्त लोक घरी टीव्हीसमोर होते. मी ती ध्वनिफीत अनेकदा ऐकली आहे. शेवटी शेवटी त्यांचा आवाज थरथरतो पण वेग कमी होत नाही. अमेरिका हीच का, असा सवाल त्या करतात, आणि त्या प्रश्नातला ‘अमेरिका’ हा शब्द इतका जवळच्या माणसाचं नाव घ्यावं तसा येतो की ऐकणाऱ्याला आपल्यालाच विचारल्यासारखं वाटतं.

त्यांचे वकील जोसेफ राउ यांनी एक हिशोब मांडला होता, अकरा आणि आठ. समितीत १०८ सदस्य. त्यांपैकी एक दशांश, म्हणजे अकरा जणांनी सही केली तर अल्पमताचा अहवाल सभागृहापुढं नेता येत होता. आणि आठ राज्यांनी मागणी केली तर त्यावर प्रत्येक राज्याचं नाव पुकारून, उघड मतदान घ्यावं लागलं असतं. अकरा आणि आठ मिळाले असते तर प्रत्येक राज्याला टीव्हीसमोर उभं राहून सांगावं लागलं असतं की मिसिसिपीची खुर्ची कुणाची. जॉन्सन यांना हेच नको होतं. दक्षिणेची राज्यं हातची जातील या भीतीनं त्यांनी हम्फ्री यांना कामाला लावलं, त्यांच्याबरोबर मिनेसोटाचे तरुण वॉल्टर माँडेलही होते. एकेका सदस्याला गाठून समजावण्यात आलं, कुणाला नोकरीची, कुणाला पदाची आठवण करून देण्यात आली. सह्या करणारे रोडावत गेले. अकरा भरले नाहीत. तडजोड म्हणून दोन खुर्च्या देऊ केल्या, तेही कुणी बसायचं हे पक्षच ठरवणार. हेमर म्हणाल्या की, एवढ्या लांबून आम्ही दोन खुर्च्यांसाठी आलो नाही. मिसिसिपीचे बहुतेक गोरे प्रतिनिधी पक्षनिष्ठेची शपथ घ्यायला नकार देऊन निघून गेले होते. त्यांच्या रिकाम्या जागी फ्रीडम पक्षाची माणसं उसने पास घेऊन जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी आत आली तर खुर्च्याच उचलून नेलेल्या. मग ती तिथं उभी राहिली.

नोव्हेंबरात जॉन्सन एकसष्ट टक्के मतं आणि ४४ राज्यं घेऊन जिंकले. मिसिसिपीत मात्र रिपब्लिकन उमेदवार गोल्डवॉटर यांना ८७ टक्के मतं मिळाली. ज्या राज्याला दुखवायचं नाही म्हणून एवढं केलं, ते राज्य तर गेलंच, आणि बाकीच्या देशात एवढी मतं मिळाली की त्या रात्री अकरा सह्या होऊ दिल्या असत्या तरी काही बिघडलं नसतं. भाची हे बोट ठेवून सांगते. आणि मला तिच्याही पुढं जाऊन म्हणायचंय की, १९६८ ची रात्र १९६४ मध्येच सुरू झाली होती. अटलांटिक सिटीहून परतलेल्या तरुणांपैकी कितीजणांनी पक्षाच्या दारात पुन्हा पाऊल ठेवायचं नाही असं ठरवलं. नियमाप्रमाणे सही गोळा करून, वकील करून, साक्ष देऊन आत जाता येत नाही हे त्यांनी पाहिलं होतं. त्यानंतर रस्ताच उरतो. काकांनी वसतिगृहात उभं राहून पाहिलेल्या त्या बाहेरच्या गर्दीत आत येऊ न दिलेलं बरंच काही होतं. त्याच १९६८ च्या अधिवेशनात हेमर मिसिसिपीच्या खुर्चीवर बसायला आल्या, रीतसर, हक्कानं, आणि सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत राहिलं. शिकागोच्या त्या आठवड्यातली ही एक गोष्ट काकांना ठाऊक नव्हती. मी सांगितल्यावर ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले आणि म्हणाले, “हे आम्हाला कुणी दाखवलं नाही बघ.”

१९६८ नंतर पक्षानं मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोग नेमला, आणि प्रतिनिधी निवडण्याचं काम बंद खोल्यांतल्या पुढाऱ्यांच्या हातून काढून हळूहळू प्रायमरीत मत देणाऱ्यांकडे आणलं. १९७२ साली तर खुद्द डेली यांच्या प्रतिनिधींनाच बाहेर ठेवून त्यांच्या जागी जेसी जॅक्सन यांच्यासारखे लोक आले. हे मोठंच काम झालं. पण त्यामुळे निकाल जूनपर्यंतच लागलेला असतो आणि ऑगस्टमधलं सभागृह कशासाठी भरवायचं, हा प्रश्न राहतो. मग तिथं प्रकाशयोजना येते, फुगे येतात, भाषणं आधीच वाचून मंजूर होतात. २०१२ साली शार्लटला जेरुसलेमचा उल्लेख जाहीरनाम्यात परत घालायचा ठराव आला, तेव्हा अध्यक्षस्थानी असलेल्या व्हियारायगोसा यांनी आवाजी मतदान तीनदा घेतलं. तिन्ही वेळा होकार आणि नकार मला तरी सारखेच ऐकू आले. तरी दोन तृतीयांश झाले म्हणून ठराव मंजूर झाला आणि सभागृहात हुर्यो उठली. रिपब्लिकन पक्षातही वेगळं नाही. २०२० साली त्यांनी नवा जाहीरनामाच केला नाही, आणि २०२४ ला मिलवॉकीत जाहीरनाम्याच्या समितीची बैठक पत्रकारांना बाहेर ठेवून झाली. गर्भपाताच्या मुद्द्यावर आम्हाला बोलूच दिलं नाही, अशी तिथल्या काही कडव्या प्रतिनिधींचीच तक्रार होती. त्यांचं मत मला मुळीच मान्य नाही. त्यांची तक्रार मान्य आहे.

२०२४ च्या त्या अधिवेशनाच्या गुरुवारी जॉर्जियाच्या पॅलेस्टिनी-अमेरिकन आमदार रूवा रोमन यांनी, व्यासपीठावरून करता न आलेलं भाषण सभागृहाबाहेर उभं राहून वाचलं. भाचीनं ते मला स्वयंपाकघरात, भांडी विसळता विसळता ऐकवलं. दोन-तीन मिनिटांचं असेल. त्यात त्यांच्या घराण्याचं जेरुसलेमजवळचं गाव आहे, वारलेले आजोबा आहेत, युद्ध थांबावं ही हाक आहे, ओलीस सुटावेत हेही आहे, आणि शेवटी हॅरिस यांना निवडून आणूया, ट्रम्प यांना हरवूया, असं स्पष्ट आवाहन आहे. मी नळ बंद करून शेवट पुन्हा ऐकला. पक्षाच्या उमेदवाराला मत द्या असं सांगणारं भाषण पक्षाच्या दाराबाहेर व्हावं, याचं मला फार वाईट वाटलं. ते आत झालं असतं तर भाचीच्या वसतिगृहातल्या मुली पुढचे अडीच महिने दारोदार गेल्या असत्या का? काही नक्की गेल्या असत्या. भाची स्वतः गेलीच, तरीही गेली. यिप्सिलँटीत ऑक्टोबरच्या पावसात पत्रकं वाटून तिला सर्दी झाली होती. नोव्हेंबरात मिशिगन ट्रम्प यांच्याकडे गेलं. अरबवस्तीच्या डिअरबॉर्नमध्येही तेच पहिले आले. त्या रात्री मला तिचा फोन आला आणि आम्ही दोघी फारसं बोललो नाही.

त्या दोन-तीन मिनिटांनी मिशिगन वाचलं असतं असं मी म्हणणार नाही. महागाई होती, बायडन यांनी उशिरा घेतलेली माघार होती, आणि गाझात माणसं मरत असताना एका भाषणानं कुणाचं समाधान व्हावं ही अपेक्षाच बरोबर नव्हती. काकांच्या हम्फ्रींचंही तेच. टीव्ही नसता तर ते जिंकले असते का, हे कुणाला सांगता येणार? मतांच्या बेरजेवर हा वाद सोडवायला बसलं की दोन्ही बाजूंना हवे ते आकडे सापडतात. मला वाटतं की, जी माणसं नियमानं निवडून येऊन, पास गळ्यात घालून, सभागृहाच्या दारापर्यंत पोचली आहेत, ती आपलीच आहेत. ती घरीही बसू शकली असती. त्यांना बोलू द्यायचं ते मतं मिळतील म्हणून नव्हे, त्यांनी येण्याचे कष्ट घेतले म्हणून. उमेदवार आधीच ठरलेल्या सभागृहात एवढं एकच काम खरं उरलंय, आणि तेच टाळलं तर बाकी सगळं घरी बसून दाखवता येईल.

निवडणुकीनंतरच्या हिवाळ्यात भाची मिशिगन डेमोक्रॅटिक पक्षाची सदस्य झाली. महिनाभर आधी नाव नोंदवलं की राज्याच्या अधिवेशनात जाऊन मत देता येतं. २०२५ च्या फेब्रुवारीत ती डेट्रॉइटला जाऊन आली. तासन्‌तास रांग, गार पडलेली कॉफी, लांबलेली भाषणं, आणि शेजारच्या खुर्चीत बसलेल्या एका निवृत्त मोटार-कामगार बाईंबरोबर जमलेली गट्टी, असं सगळं तिनं मला आणि काकांना एकत्र फोनवर सांगितलं. काकांनी तिला बारकाईनं प्रश्न विचारले. माईक किती होते? वेळ कोण राखत होतं? मग त्यांनीच विचारलं की राष्ट्रीय अधिवेशनात आता अल्पमताचा अहवाल आणायला किती सह्या लागतात. लागतात समितीतल्या पंचवीस टक्के सदस्यांच्या. १९६४ ला दहा टक्के लागायच्या, आणि दहा टक्केही जॉन्सन यांनी भरू दिल्या नव्हत्या. हजारो प्रतिनिधींत तीस जणांचा गट असेल, तर त्यानं हा उंबरठा कधी ओलांडायचा?

तेव्हापासून आम्ही तिघं मिळून एक पत्र लिहितो आहोत, आपापल्या काउंटीच्या पक्ष समितीला द्यायला. नियम बदलून हा आकडा खाली आणावा आणि अल्पमताच्या अहवालाला सभागृहात, थेट प्रक्षेपण चालू असताना, ठरावीक वेळ मिळावा, एवढीच मागणी. मराठीत बोलून इंग्रजीत लिहितोय, त्यामुळे वेळ लागतोय. खरा खोळंबा आकड्यावर आहे. भाची म्हणते पाच टक्के. काका म्हणतात, पाच म्हणजे अधिवेशन महिनाभर चालेल, १९२४ विसरलीस का, निदान पंधरा तरी ठेवा. मी दहावर अडून बसले आहे. रविवारी पुन्हा फोन आहे.